काळ्या कातळाच्या पायांनी योसेमिटीचा ग्रॅनाइट

नाशिकच्या ट्रेकरला कातळाचे अप्रूप नाही. हरिहरच्या उभ्या पायऱ्या, ब्रह्मगिरीचा जिना, अंजनेरीचे पठार, साल्हेरचे दरवाजे हे सगळे पायाखालून गेलेले असते. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात जायचे ठरले की 'तिथेही डोंगरच ना' असे वाटते. डोंगरच आहेत, पण दगड वेगळा आहे, आणि दगड बदलला की चालणे, पाणी, तंबू, सगळेच बदलते.

आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणून आपल्याकडे कडा, मग माची, मग पुन्हा कडा अशी रचना असते. थराच्या सांध्यात वाट सापडते, कातळटप्प्यावर खोबणी सापडते आणि माथ्यावर कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी खोदलेले टाके असते. योसेमिटीचा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला. वरचे ओझे झिजून गेल्यावर तो फुगल्यासारखा होऊन कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत गेला. लासलगावचा कांदा सोलताना जे दिसते तेच योसेमिटीतल्या हाफ डोम या घुमटाकार डोंगराच्या अंगावर दिसते, फक्त एकेक पापुद्रा पुरुषभर जाडीचा. नंतर हिमनद्यांनी घासून काही भाग आरशासारखा गुळगुळीत केला. या दगडाला अंगच्या पायऱ्या नाहीत, खोबण्या नाहीत, टाकी तर नाहीतच. पाणी आहे ते बर्फ वितळून वाहणारे.

खाली दिले आहे ते हॅपी आइल्स या पायथ्याहून निघून लिटल योसेमिटी व्हॅली या वरच्या तळावर दोन रात्री मुक्काम आणि मधल्या दिवशी हाफ डोम, या तीन दिवसांच्या कार्यक्रमाचे वर्णन. पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही हाच सुचवतो.

सुरुवात डोंगरात होत नाही, नाशिकमध्ये संगणकापुढे होते. रानात मुक्काम करायला परवाना लागतो आणि तो पायथ्याच्या जागेनुसार मिळतो. रोज त्या वाटेने किती जण आत जाणार याचा आकडा ठरलेला आहे. यातले ६० टक्के परवाने २४ आठवडे आधी सोडतीने दिले जातात, उरलेले ४० टक्के ७ दिवस आधी खुले होतात. सोडत आठवड्याआठवड्याची असते. सप्टेंबरच्या मध्यावर जायचे तर अर्ज मार्चअखेरीस करावा लागतो. अर्जाचे १० डॉलर परत मिळत नाहीत, परवाना लागला तर माणशी ५ डॉलर. सात दिवस आधीचे परवाने तिकडच्या सकाळी ७ वाजता उघडतात, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. पण विमानाचे तिकीट काढून ठेवून या ४० टक्क्यांवर भिस्त ठेवणे म्हणजे कुंभमेळ्यात पर्वणीच्या दिवशी रामकुंडापाशी गाडी लावायला जागा मिळेल असे धरून चालणे. आधी व्हिसा, मग परवाना, मग तिकीट. हा क्रम उलटवलेल्यांचे पैसे बुडतात.

अर्जात पायथ्याचे नाव निवडताना डोळ्यांत तेल घालून बघा. 'हॅपी आइल्स ते लिटल योसेमिटी व्हॅली' आणि 'हॅपी आइल्स, लिटल योसेमिटी व्हॅलीच्या पुढे' हे दोन वेगळे परवाने आहेत. पहिल्यात पहिली रात्र त्याच तळावर काढायची, दुसऱ्यात पहिल्याच दिवशी तळ ओलांडून पुढे जायचे. घाईत दुसरा निवडला तर पहिल्याच दिवशी भरल्या सॅकनिशी आणखी काही किलोमीटर तंगडतोड करावी लागते. हाफ डोमची परवानगी याच अर्जात मागायची, तिचे माणशी १० डॉलर वेगळे. एका दिवसात जाऊन येणाऱ्यांची सोडत निराळी असते, तिच्यात शिरू नका. हाफ डोमवर रोज ३०० जणांना सोडतात, त्यातले साधारण २२५ एकदिवसीय आणि ७५ मुक्कामी. अर्जात पर्यायी म्होरक्याचे नाव टाकता येते, ते न विसरता टाका. परवाना प्रत्यक्ष जाऊन घ्यावा लागतो, आणि ज्याच्या नावावर आहे तोच नेमका मुंबईत आजारी पडला तर बाकीच्यांना हात हलवत परतावे लागते. खर्चात आणखी एक आकडा धरा: २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांवरील प्रत्येकाकडून योसेमिटीत १०० डॉलर जास्तीचे प्रवेशशुल्क घेतले जाते.

सराव इथेच होतो, पण तो मोजून करावा. पहिल्या दिवशी सुमारे ७ किलोमीटर आणि ६३० मीटर चढ असतो, पाठीवर १३-१४ किलो. दुसऱ्या दिवशी तळापासून हाफ डोमचा माथा एका बाजूने साडेपाच किलोमीटरच्या आसपास, ८३० मीटर चढ, पाठीवर पाणी आणि खाऊ एवढेच. त्र्यंबकेश्वरहून ब्रह्मगिरी १३ किलो घेऊन दर रविवारी, सहा आठवडे, इतके पुरते. दगड भरून नेण्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या भरून न्या. माथ्यावर ओतून देता येतात आणि उतरताना गुडघे वाचतात. हरिहर उपयोगी आहे तो उंचीची भीती तपासायला. पायांना मात्र तो चुकीची सवय लावतो, कारण तिथे प्रत्येक पायरीला हात घालायला खोबण आहे.

घर्षणावर चालायचा सराव बेसाल्टवर नीट होत नाही. जमले तर दोन दिवस हंपीला किंवा बेंगळुरूजवळच्या सावनदुर्गाला जाऊन या, तिथला दगड ग्रॅनाइटच्या जातीचा आहे. तंत्र ऐकायला सोपे वाटते. पूर्ण तळवा टेकवायचा, टाच खाली ठेवायची, पावले लहान टाकायची आणि शरीर सरळ पायांवर ठेवायचे. उतार दिसला की माणूस आपोआप दगडाकडे झुकतो आणि हात टेकतो. झुकले की वजन तळव्यावरून सरकते आणि पाय सटकतो. उतरताना गुडघे वाकवून तोंड दरीकडे. बसून घसरत उतरणे ही आपल्याकडची घसाऱ्यावरची सवय तिथे पॅन्ट फाडते, आणि वेग आला तर थांबवता येत नाही. बुटाचा तळ मऊ रबराचा हवा. आपल्याकडे वर्षानुवर्षे टिकणारे कडक तळाचे बूट मुरमावर झकास, ग्रॅनाइटवर काचेवर चालल्यासारखे.

तीन गोष्टी बघितल्या की तिथे पाय टाकू नये. चमकणारा दगड, म्हणजे हिमनदीने घासलेला. काळे ओघळ, तिथून पाणी वाहते आणि शेवाळ असते. आणि सपाट कातळावर पसरलेली ज्वारीच्या दाण्याएवढी रेव. ही रेव म्हणजे ग्रॅनाइटचेच सुटे झालेले कण. आपटतात ते बहुतेक हिच्यामुळे, आणि तेही अवघड जागी नाही, तर सोप्या वाटेवर गप्पा मारत उतरताना.

आता खाणे. योसेमिटीच्या रानात अस्वलाला उघडता येणार नाही असा डबा बाळगणे सक्तीचे आहे. कॅलिफोर्नियात ग्रिझली उरलेले नाहीत, आहेत ती काळी अस्वले. ती माणसाच्या मागे नसतात, खाण्याच्या मागे असतात आणि त्यात पटाईत असतात. पिशवी झाडाला टांगणे तिथे चालत नाही, दंड होतो. डबा परवाना केंद्रावर भाड्याने मिळतो, नाशिकहून न्यायची गरज नाही. नेहमी दिसणारा मोठा पारदर्शक डबा साडेअकरा लिटरचा आणि रिकामा सव्वा किलोच्या आत-बाहेर. दोघांचे तीन दिवसांचे खाणे त्यात नीट बसते, पण अट अशी की वासाची प्रत्येक वस्तू त्यातच गेली पाहिजे. टूथपेस्ट, साबण, खोबरेल, ओठांचे मलम, डासांचे मलम, औषधी गोळ्या, कापूर, उदबत्ती, कचरा, सगळे. हे विसरून नुसते खाणे मोजणाऱ्यांचा डबा पहिल्या रात्री बंद होत नाही.

म्हणून खाणे वजनावर नाही, आकारमानावर निवडायचे. इथे नाशिकचा जीव असलेला चिवडा बाद होतो. पाव किलो चिवडा डब्याचा मोठा कोपरा खातो आणि पोट भरत नाही. पातळ पोहेही तसेच. शेंगदाणा-गुळाचे लाडू, तिळाची वडी, खजूर, सातूचे पीठ, मेतकूट, भाजलेला रवा, मनुका (निफाड-पिंपळगावच्या द्राक्षांच्या मनुका घरात असतातच) हे दाबून भरता येते. माणशी दिवसाला ६५० ते ७०० ग्रॅम कोरडे खाणे धरा. लाडू पिशवीत एकेक न ठेवता दाबून वडी करा. गोल वस्तूंच्या मधल्या पोकळीत एक जेवण वाया जाते. पहिल्या दिवसाचे दुपारचे जेवण डब्यात न ठेवता हाताशी ठेवले तरी चालते, कारण ते रात्रीपूर्वी संपते. विमानतळावर खाण्याबद्दल विचारले की असेल ते सांगून टाका. ताजी फळे आणि मांस नेऊच नका.

तूरडाळ घरी ठेवा. तळ सुमारे १,८६० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटर माथ्याहूनही वर. तिथे पाणी साधारण ९४ अंशांना उकळते. कुकरशिवाय डाळ तासभर गॅस पिते आणि तरी टचटचीत राहते. रव्याची खिचडी, शेवयांचा उपमा, भिजवून शिजणारे असेच न्या. गॅस विमानात नेता येत नाही. वापरलेल्या स्टोव्हला इंधनाचा वास असला तर तोही काढून घेतात, म्हणून धुऊन, वाळवून, शक्य तर नवाच न्या. आपल्याकडच्या लांबट, खटका मारून बसवायच्या गॅस डब्यांवर चालणारा स्टोव्ह तिकडच्या फिरवून बसवायच्या, आटे (पेच) असलेल्या डब्यावर बसत नाही. तसाच आटे असलेला स्टोव्ह घ्या. नुसते पाणी उकळायचे असेल तर २३० ग्रॅमचा एक डबा दोघांना तीन दिवस पुरतो.

सॅन फ्रान्सिस्कोहून मर्सेड आणि तिथून यार्ट्स या बससेवेची बस योसेमिटी दरीत आणून सोडते. मुक्कामी परवाना असलेल्यांना आदल्या आणि परतीच्या रात्री दरीतल्या बॅकपॅकर्स कॅम्पग्राउंडवर राहता येते, त्यासाठी वेगळे आरक्षण लागत नाही. आदल्या दिवशीच परवाना आणि डबा ताब्यात घ्या. परवाना देताना कर्मचारी प्रश्न विचारतात: पाण्यापासून किती लांब झोपणार, शौचाला कुठे जाणार. ही परीक्षा नाही, पण उत्तरे माहीत असलेली बरी. पाणी आणि वाट यांपासून १०० फूट, म्हणजे ३० मीटर, साधारण ४० पावले. शौचासाठी १५ सेंटिमीटर खोल खड्डा, तोही पाण्यापासून तितकाच लांब, आणि वापरलेला कागद पिशवीत घालून परत. लिटल योसेमिटी व्हॅलीच्या तळावर शौचालय आहे, पण वाटेत वेळ सांगून येत नाही. आपल्या गडांवर टाक्याच्या काठाशी काय पडलेले असते ते आठवले की या नियमाचे महत्त्व कुणी समजावून सांगावे लागत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर हॅपी आइल्स सोडा. दरीतली मोफत बस १६ नंबरच्या थांब्यावर उतरवते. चढताना मिस्ट ट्रेल, उतरताना जॉन मुइर ट्रेल. मिस्ट ट्रेलवर व्हर्नल धबधब्याच्या माथ्यापर्यंत ग्रॅनाइटच्या सहाशेहून जास्त पायऱ्या आहेत आणि जूनमध्ये त्यांवर धबधब्याचे तुषार पावसासारखे पडतात. चढताना ओल्या पायरीवर वजन पुढे असते, म्हणून निभते. तीच पायरी ओझे घेऊन उतरताना घात करते. सॅकचे पावसाळी कव्हर पुरत नाही, आत झोपण्याची पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली हवी. व्हर्नल ९७ मीटरचा, वरचा नेव्हाडा १८१ मीटरचा. दोन्हींच्या माथ्यावर नदी संथ आणि उथळ दिसते. गोदावरीत पाय सोडून बसणाऱ्याला तिथे बुटाची नाडी सोडायचा मोह होतो. अजिबात नाही. तळाचा दगड गुळगुळीत आहे, पाणी बर्फाचे आहे आणि कठड्यापलीकडे धबधबा आहे. त्या जागी माणसे गेली आहेत.

नेव्हाडाच्या वर चढ संपतो आणि मर्सेड नदीच्या काठाने वाळूची वाट तळावर नेते. पाणी याच नदीचे, गाळून घ्यायचे. पोकळ धाग्यांचा गाळणीपंप रात्री गोठला तर आतून फुटतो आणि बाहेरून कळत नाही, म्हणून थंडीच्या दिवसांत तो झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपा. या तळावर माती आहे, तंबूचे खिळे बसतात. पुढे कधी उघड्या कातळावर मुक्काम करायचा झाला तर खिळे शोभेचे ठरतात. तिथे स्वतः उभा राहणारा तंबू लागतो आणि दोर मोठ्या दगडाला बांधावे लागतात, सकाळी दगड जागच्या जागी ठेवून. सप्टेंबरची रात्र निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटेसारखी धरा. शून्य अंशाला उबदार राहील अशी पिशवी आणि खाली जाड चटई, कारण थंडी जमिनीतून येते.

डबा तंबूपासून लांब, सपाट जागी, नदी आणि उतार दोन्हींपासून दूर ठेवा. दोर बांधू नका, सॅकमध्ये ठेवू नका: अस्वलाला धरायला मूठ मिळाली तर ते डबाच घेऊन जाते. थंडीत झाकणाचा खटका दाबला जात नाही. बँकेचे कार्ड फटीत सारून ढकलले की उघडते. रिकाम्या सॅकचे सगळे कप्पे उघडे ठेवा. खारी वास हुंगत येतात आणि चेन बंद असली तर कापड कुरतडून आत शिरतात. फोडणीचा वास असलेले भांडे रात्री तसेच ठेवू नका, आणि भांड्याचे पाणी नदीत न ओतता लांब शिंपडा.

हाफ डोमसाठी पहाटे पाचला बॅटरीच्या उजेडात निघायचे. कारण गर्दी हे नाही, वीज हे आहे. उन्हाळ्यात दुपारी ढग जमतात. २,६९४ मीटरच्या उघड्या माथ्याशी, शेवटच्या चढावर लावलेल्या पोलादी तारा हातात धरून उभा असलेला माणूस विजेला आवडतो. बारापर्यंत तारांवरून खाली उतरलेले असावे. आकाशात ढगांचे मनोरे वाढताना दिसले तर तारांच्या पायथ्यावरून परत फिरावे. माणशी ३ लिटर पाणी तळावरूनच भरा, पुढे भरवशाचे पाणी नाही. हाफ डोमच्या अलीकडच्या लहान घुमटाच्या, म्हणजे सब डोमच्या, पायथ्याशी रेंजर परवाना बघतात, सोबत फोटोचे ओळखपत्र लागते. सब डोमच्या पायऱ्या वळणावळणाच्या, काही मोडक्या. आमच्या मते हाच भाग तारांहून जास्त दमवतो, कारण इथे धरायला काही नाही आणि रेव आहे.

मग तारा. १९१९ पासून त्या इथे आहेत. दोन समांतर पोलादी तारा, सुमारे १२० मीटर लांबीच्या, खांबांवर कमरेच्या उंचीला उचललेल्या, आणि खांबांच्या प्रत्येक जोडीपाशी पाय टेकायला लाकडी फळी. खांब छिद्रांत नुसते उभे असतात, पक्के बसवलेले नसतात. म्हणून खांबाला धरून अंग वर ओढू नये, तारच धरावी. हातात रबरी तळव्याचे हातमोजे, बांधकामावर मिळतात ते पंधरा-वीस मिनिटे छान टिकतात. कापडी मोजे तारेवरून घसरतात. एका फळीपासून दुसरीपर्यंत एका दमात जायचे आणि फळीवर थांबून श्वास घ्यायचा. मध्ये थांबले की हात भरून येतात. वर जाणारे आणि उतरणारे याच दोन तारांमधून जातात, त्यामुळे फळीवर थांबून वाट देणे हीच इथली रीत. काही जण हार्नेस घालून तारेला अडकवतात. अडकवायचे असेल तर व्हाया फेराटाचा, म्हणजे तारा लावलेल्या कातळवाटांसाठीचा, झटका शोषणारा संच वापरा. साध्या स्लिंगने (शिवलेल्या पट्ट्याने) अडकून घसरलात तर खालच्या खांबापर्यंत दोन-तीन मीटर जाऊन बसणारा झटका स्लिंग आणि कंबर दोन्हींना झेपणारा नसतो. दगड ओला असेल तर तारा, हातमोजे, संच यांपैकी काहीच उपयोगाचे नाही.

हंगामाबद्दल एवढेच: तारा मे महिन्याच्या शेवटी उचलतात आणि ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास खाली टाकतात. बर्फ जास्त पडला तर उशीर होतो. जून-जुलैत धबधबे भरलेले आणि डास मुबलक, ऑगस्टपासून वणव्याचा धूर दरीत साचू शकतो. सप्टेंबरमध्ये धबधबे बारीक होतात, पण चालायला तोच महिना सुखाचा.

तिसऱ्या दिवशी जॉन मुइर ट्रेलने उतरा. मिस्ट ट्रेलपेक्षा लांब आहे, पण वळणे घेत उतरते आणि गुडघ्यांना काठ्यांचा आधार मिळतो. डबा परत देण्यापूर्वी धुऊन पुसा. मेतकुटाचा वास प्लॅस्टिकला धरतो, आणि तो डबा उद्या दुसऱ्या कुणाच्या तंबूबाहेर असणार आहे. उरलेला गॅस विमानतळावर न्यायचा नाही. कॅम्पग्राउंडवर उद्या वर जाणारे कुणी ना कुणी असतेच, त्यांना देऊन टाका.